कोरडं पात्र, जिवंत गाळ

६ जून, रात्री

काल म्हसवडच्या बाजूला वळवाचा पाऊस झाला. माणगंगेला पाणी काही आलं नाही, वाळू तेवढी भिजली. पण मला दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. त्या भिजल्या वाळूतल्या सूक्ष्मजीवांची आत्ता केवढी धांदल उडाली असेल!

पात्र कोरडं दिसलं की लोक 'नदी मेली' म्हणून मोकळे होतात. मला ते ऐकवत नाही. २०२१ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की जगातल्या नद्यांची एकूण लांबी धरली तर ५१ ते ६० टक्के पात्रात वर्षातला निदान एक दिवस तरी पाणी वाहत नाही. म्हणजे आटणं हाही नदीचाच एक ऋतू आहे.

पुलाखालचा डोह आटला तिथे गाळाचे पोपडे सुटलेत, कडा वर वळलेल्या. एक उचलून उलटा केला. वरून राखाडी, कडक. खालून अजून ओलसर, काळा, आणि कुजक्या अंड्याचा वास. तो काळेपणा लोह आणि गंधकाच्या संयुगाचा. हवा न पोचणाऱ्या चिखलात सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंची ती करणी. भेगेतून हवा शिरली होती तिथे मात्र तोच गाळ तांबूस झालेला. तळहाताएवढ्या पोपड्यात हवेवर जगणारे आणि हवेने मरणारे शेजारी शेजारी. किती वेळ बघत बसले कोण जाणे.

पाणी ओसरू लागलं की हे जीव तयारीला लागतात. कोणी ट्रेहलोज, प्रोलिन असे पदार्थ पेशीत साठवून ओल धरून ठेवतो, कोणी चिकट आवरणात दडतो, कोणी बीजाणू होऊन पडून राहतो. बरेच मरतातही. पण खरी परीक्षा पुढे, पाऊस पडल्यावर असते! पाणी एकदम पेशीत घुसतं, ती फुगते. साठवलेलं सगळं पटापट बाहेर टाकता आलं नाही तर फुटते. फुटलेल्यांचं आणि बाहेर टाकलेलं ते सगळं उरलेल्यांच्या तोंडी पडतं, आणि काही तासांत गाळातून कार्बन डायऑक्साइडचा लोट निघतो. शेतातल्या मातीत ही उसळी बर्च या संशोधकाने केनियात काम करताना १९५८ साली मांडली, म्हणून तिला 'बर्च परिणाम' म्हणतात. नदीच्या पात्रात तर उन्हाळाभर साचलेला बाभळीचा पाला आणि गुरांचं शेण असतं, मग काय विचारता! २०१८ साली जगभरातल्या २१२ कोरड्या पात्रांतला पालापाचोळा भिजवून बघितला, तेव्हाही हेच दिसलं.

नायट्रोजनचंही तसंच. कोरड्या, हवेशीर गाळात साठलेलं नायट्रेट पहिल्या लोंढ्याबरोबर खाली जातं. जिथे हवा संपते तिथे दुसरे जिवाणू त्याचा वायू करतात. त्यातला थोडा नायट्रस ऑक्साइड, तापमान वाढवणारा. पहिल्या गढूळ पाण्यात कधीकधी मासे तडफडतात, त्यालाही पाण्यातला प्राणवायू असा झपाट्याने संपणं हे एक कारण असतं.

आणि म्हणूनच वाळूउपशाने माझा जीव तुटतो. पूर्वी बायका पात्रात झिरा उकरायच्या, हातभर खाली ओल लागायची. तीच ओल या जिवांचा आसरा. वरचा थर भाजून निघाला तरी खाली उरलेले जीव पाणी आल्यावर पुन्हा वर पसरतात. आता जेसीबी लावून खडकापर्यंत खरवडतात. भूजल गेलं म्हणून ओरड होते, ती रास्तच आहे. पण वाळूबरोबर पाणी गाळणारी, पाला कुजवणारी ही सगळी वस्तीही ट्रॉलीतून निघून जाते, त्याचा पंचनामा कोणी करत नाही.

उद्या सकाळी उपसा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही जागांचा गाळ आणायचा. बरण्या धुऊन ठेवल्यात. दोन्हींत सारखंच पाणी घालून संध्याकाळपर्यंत तासातासाला विरघळलेला प्राणवायू मोजायचा. मुलींना प्रात्यक्षिकाला हेच द्यावं म्हणते.