शेजारणीसाठी कोणी रडलं नाही

कालच्या सिनेमातली ती शेजारीण डोक्यातून जात नाहीये. सिनेमा मूल गेलेल्या आईचा. घरात भूत आहे, आणि ते भूत म्हणजे तिचा शोकच, हे पहिल्या काही मिनिटांत कळतं. शेजारीण कृष्णवर्णीय, वयस्क, असल्या गोष्टींतलं सगळं जाणणारी. ती येते, उंबऱ्यावर मीठ टाकते, घरात काय शिरलंय ते सांगते आणि मध्यंतरानंतर मरते. कट. पुढच्या दृश्यात आई मुलाचा स्वेटर नाकाशी धरून बसलेली. शेजारणीचं प्रेत कोणी उचललं, तिचं मागे कोणी होतं का, अवाक्षर नाही. शोकाशिवाय दुसरं काही न बोलणाऱ्या सिनेमाला तिच्यासाठी अर्धं मिनिट सापडू नये?

पोस्टरवर मात्र ती ठळक आहे.

हे नवं नाही. १९६८च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये कृष्णवर्णीय नायक बेन (नट ड्वेन जोन्स) रात्रभर उठून चालणाऱ्या प्रेतांशी झुंजून वाचतो आणि सकाळी जिवंत माणसांच्या गोळीने मरतो. पण तिथे कॅमेरा तोंड फिरवत नाही. स्थिरचित्रांमागून स्थिरचित्रं येतात, हातात लोखंडी आकडे घेतलेली माणसं त्याला जळणाच्या ढिगाकडे नेतात. त्याच्यासाठी कोणी रडत नाही, हे आपल्याला बघायला लावलंय. काल मात्र ते कुणाच्या लक्षातच आलेलं नव्हतं.

प्रकाशाचंही तेच. सावळी-काळी त्वचा प्रकाश कमी परतवते. अंधाऱ्या खोलीत एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते, गोऱ्या नायिकेच्या गालावर बेतलं की बाजूच्या चेहऱ्याचे फक्त डोळे आणि दात उरतात. नुसतं एक्स्पोजर वाढवलं तर भिंती उजळतात आणि भीती पळते. उपाय तसा साधा आहे: बाजूने मोठा, मऊ प्रकाश, गालाच्या हाडावर चमक धरेल इतकी त्वचेला ओल, आणि मागची भिंत जरा उजळ, म्हणजे चेहऱ्याची कड सुटते. काल शेजारीण शेवटचं बोलली तेव्हा तिचे ओठसुद्धा दिसत नव्हते. असो.

माणूस निवडणं सोपं, त्याचं दुःख लिहिणं अवघड. रेमी वीक्सच्या 'हिज हाउस'मध्ये (२०२०) दक्षिण सुदानमधून इंग्लंडला आलेलं जोडपं आहे, आणि त्यांच्यामागे आलेलं भूतही तिकडचंच. नवऱ्याला ते विसरून नव्या देशात मिसळायचंय, बायकोला ते ऐकून घ्यायचंय. रस्ता विचारायला गेलेल्या तिला हिणवतात ती पोरंही कृष्णवर्णीयच. म्हणजे रंग एक असून प्रश्न संपत नाही, हे एका छोट्या दृश्यात सांगून झालं. हायरो बुस्तामांतेच्या 'ला योरोना'मध्ये (२०१९) तर रडणाऱ्या बाईची जुनी लॅटिन अमेरिकन दंतकथाच फिरवली आहे: तिने स्वतः मुलं बुडवली नाहीत, सैनिकांनी बुडवली. ग्वातेमालातल्या नरसंहाराच्या खटल्यात तिथल्या मूळनिवासी इशिल माया समाजातली एक बाई तोंडावरून ओढणी घेऊन साक्ष देते आणि कॅमेरा सावकाश मागे सरतो. तिला बोलून संपवू देतो. घाई नाही.

एवढंच तर हवं होतं. अर्धं मिनिट. एक भाची, एक कुलूप लावलेलं दार, काहीही.

आणि मीच का हे उगाळत बसावं? बाकी सगळे म्हणे आईसाठी रडले. भुताच्या सिनेमात मला रडू येतं तेही चुकीच्या माणसासाठी, आणि ते कुणाला सांगायची सोय नाही. दिग्दर्शकाने तर आपलं काम चोख केलंय म्हणायचं: शेजारीण गेल्याचं दुःख पडद्यावर नाही, सगळं माझ्याकडे आलंय. फुकट.

पुढच्या शुक्रवारी आणखी एक येतोय. ट्रेलरमध्ये मेणबत्त्या लावत फिरणारी एक आजी दिसली. ती वाचणार नाही. तिकीट काढलंय.