पाडलेला पब, परत बांधलेला पब

लंडनला भाच्याकडे गेले की तो मला बकिंगहॅम राजवाडा, टॉवर ब्रिज वगैरे दाखवील अशी माझी समजूत. पहिल्याच शनिवारी त्यानं मला युस्टन स्टेशनच्या बाजूला नेलं आणि एका उंच कुंपणासमोर उभं केलं. पलीकडे एक क्रेन, अलीकडे आम्ही दोघं.

"इथं होता," तो म्हणाला.

"कोण?"

"कोण नाही गं मावशी, पब. ब्री लुईझ."

तो जवळच शिकायला होता. पहिला पगार झाला तेव्हा मित्रांना त्यानं पार्टी दिली ती इथं. कोपऱ्यावरची साधी इमारत, आत पिंपांतून काढलेल्या डझनभर तऱ्हेच्या बिअर आणि बसायला कधीच न मिळणारी जागा. पबचं पूर्वीचं नाव वेगळं होतं. चालवणाऱ्या जोडप्यानं आपल्या दगावलेल्या तान्ह्या मुलीचं नाव त्याला दिलं. आपल्याकडे रिक्षाच्या मागे मुलांची नावं लिहितात, तेवढंच साधं.

जानेवारी २०१८ मध्ये पब बंद झाला आणि मग पाडला. कारण एचएस२, म्हणजे लंडनहून बर्मिंगहॅमकडे जाणारी नवी वेगवान रेल्वे. तिच्या स्टेशनासाठी शेजारचं जुनं कबरस्तानही खणलं. ऑस्ट्रेलियाला जहाजातून वळसा घालणाऱ्या मॅथ्यू फ्लिंडर्सचे अवशेष २०१९ मध्ये तिथंच सापडले. पुढे खर्च इतका फुगला की मार्च २०२३ मध्ये युस्टनचं काम थांबवलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बर्मिंगहॅमच्या पुढचा मार्ग रद्द झाला. पब गेला, मेलेली माणसं उठवली, आणि गाडीचा अजून पत्ता नाही. आम्ही मुकाट्यानं ड्रमंड स्ट्रीटवर जाऊन भेळ खाल्ली. चिंच जरा जास्तच होती.

खरं सांगते, एका दारूच्या दुकानासाठी एवढा जीव काय टाकायचा, असं मला वाटत होतं. मी सदाशिव पेठेतली. पब म्हणजे माझ्या डोक्यात एकतर परमिट रूम, नाहीतर कोरेगाव पार्कातला धिंगाणा. इथला पब तसा नाही, हे कळायला मला तीन-चार पब लागले. (मी लाइम-सोडा पिते, गैरसमज नको.) इथं बाबागाडी घेऊन आया येतात, कुत्रे टेबलाखाली झोपतात, एखादे आजोबा एका ग्लासावर दोन तास पेपर वाचतात आणि त्यांना कुणी उठवत नाही. इराण्याच्या हॉटेलात एका चहावर दुपार काढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

भाच्याकडे आकडे तयार होते. २००१ मध्ये लंडनमध्ये ४,८३५ पब होते, २०१६ मध्ये उरले ३,६१५. पंधरा वर्षांत चारातला एक गेला. "लोक पीत नाहीत म्हणून?" मी विचारलं. तेही आहे म्हणाला, पण खरी गोम जागेत. पूर्वी बहुतेक पब बिअर बनवणाऱ्या कंपन्यांच्याच मालकीचे असत. १९८९ मध्ये सरकारनं त्यांच्या पबांवर मर्यादा घातली. त्यामागे ग्राहकाचं भलं करायचा हेतू होता. कंपन्यांनी हजारो पब विकले आणि ते घेतले नुसते पब बाळगणाऱ्या नव्या कंपन्यांनी. बिअर बनवणाऱ्याला पब हवाच, त्याचा माल तिथं खपतो. जागा बाळगणाऱ्याला त्याच चौकोनात फ्लॅटमधून जास्त पैसा दिसला तर त्यानं पब कशाला ठेवावा? कोपऱ्याचा प्लॉट, वर राहायचे दोन मजले, मागे अंगण. आमच्या पेठेतला कुठलाही बिल्डर अशी जागा पाहून गाडी थांबवील.

लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनसमोर एक वेगळीच तऱ्हा पाहिली. व्हाइट हार्ट नावाचा पब, तेराव्या शतकापासून तिथं असल्याचं सांगतात. आता त्याची फक्त दर्शनी भिंत उरली आहे, आणि तिच्या मागून काचेची गोल ऑफिस इमारत वर गेली आहे. पाडून टाकलेलं बरं, असं मला वाटलं. भाच्याला तेवढं वाटलं नाही.

रविवारी डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात जायचं होतं. १९३२ चं मंडळ, तिथले लोक, तिथला चहा, हे सगळं वेगळ्या पोस्टमध्ये लिहीन. परतीच्या वाटेवर भाचा म्हणाला, "चल, तुला एक परत आलेला पब दाखवतो." आम्ही किलबर्न पार्कला उतरलो. १९१५ चं छोटं स्टेशन, बाहेरून गडद तांबड्या चकचकीत फरशांचं. तिथून चालत पाच-सात मिनिटांवर कार्लटन टॅव्हर्न. आजूबाजूला सगळ्या नव्या-जुन्या गृहसंकुलांच्या इमारती, आणि त्यांच्यात हा एकटाच लाल विटांचा, मागच्या शतकातून चुकून राहिल्यासारखा.

आत जाऊन मी खिडकीजवळचं टेबल धरलं आणि वेटरची वाट बघत बसले. दहा मिनिटं गेली. मला वाटलं, साडी नेसलेय म्हणून दुर्लक्ष करतात की काय! भाचा फोन संपवून आला आणि हसायलाच लागला. "मावशी, इथं कुणी येत नाही. काउंटरवर जायचं, तिथंच सांगायचं, तिथंच पैसे द्यायचे." रांग दिसत नाही, पण कोण कोणाच्या आधी आलं हे काउंटरवरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. आपल्या पोस्टात हे होणार नाही.

तर गोष्ट अशी. इथला आधीचा पब पहिल्या महायुद्धात जर्मन बॉम्बनं गेला. चॅरिंग्टन या मद्य कंपनीनं १९२०-२१ मध्ये हा बांधला. दुसऱ्या महायुद्धात आसपासचं बहुतेक सगळं कोसळलं, हा टिकला. आतली रचनाही फारशी कुणी बदलली नव्हती, आणि ते दुर्मीळ. कारण बहुतेक पबांत मजुरांची साधी खोली आणि साहेबांची गालिचावाली खोली यांच्यामधल्या भिंती कधीच्या पाडल्या गेल्या. २०१५ च्या सुरुवातीला नव्या मालक कंपनीला तिथं फ्लॅट बांधायची परवानगी वेस्टमिन्स्टर महापालिकेनं नाकारली. पबला संरक्षित यादीत घालायचं जवळजवळ ठरत आलं होतं. ईस्टरच्या सोमवारी पब चालवणाऱ्या बाईंना निरोप मिळाला, सामानाची मोजदाद करायची आहे, आज बंद ठेवा. दोन दिवसांनी, ८ एप्रिलला, बुलडोझर आला. लोक धावत आले तोवर अर्धी इमारत खाली होती.

इथवर ऐकून मला नवल वाटलं नाही. सुट्टी गाठून पाडकाम करणं हे शास्त्र आपल्याकडेही चांगलं विकसित आहे.

नवल पुढे आहे. काहीतरी होणार अशी कुणकुण मोहल्ल्यातल्या लोकांना आधीच लागली होती. त्यांनी वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेला गाठलं, आणि पब उभा असतानाच संस्थेच्या माणसांनी येऊन फोटो काढले, मापं घेतली, फरशांचे प्लास्टरचे साचे काढून ठेवले. त्यामुळे महापालिकेनं जसा होता तसाच, विटेला वीट लावून, परत बांधा असा हुकूम काढला तेव्हा 'कसा होता कोण जाणे' म्हणायची सोय उरली नाही. कंपनी अपिलात गेली, २०१६ मध्ये जाहीर चौकशी झाली, अपील फेटाळलं. १२ एप्रिल २०२१ ला पब उघडला. आणि त्या दिवशी कोविडच्या नियमांमुळे गिऱ्हाइकांना फक्त बाहेरच बसायची मुभा होती! ज्या खोल्यांसाठी सहा वर्षं भांडले, त्या खिडकीतून पाहायच्या. इंग्रजांच्या नशिबातला हा विनोद त्यांना नक्कीच आवडला असणार.

मधल्या काळात, २०१७ मध्ये, कायदाही बदलला. आता इंग्लंडमध्ये पब पाडायला किंवा त्याचं दुसरं काही करायला रीतसर परवानगी लागते. त्याआधी पबचं सरळ दुकान करता येत असे.

मी उठून सगळ्या भिंतींवरून हात फिरवून आले. लाकडी तक्तपोशी, शेकोटी, बाहेर चॅरिंग्टनचं नाव असलेल्या फरशा. यातलं जुनं किती, साच्यातून नवं काढलेलं किती, मला काही ओळखता आलं नाही. नव्या फरशीची धार जुनीपेक्षा कडक असेल असं धरून मी एकीवर बोट ठेवलं. भाचा म्हणाला, मला काय माहीत.

आमचा वाडा गेला त्याला आता पंधरा वर्षं होतील. पाडायच्या आदल्या आठवड्यात सगळं घर फ्लॅटचा कार्पेट एरिया आणि पार्किंग कुणाला, यावर भांडत होतं, मीही त्यात होते. चौकातले सागवानी खांब, त्यांच्यावरची महिरप, विहिरीच्या काठावरचा दोराच्या घळी पडलेला दगड, यातल्या कशाचं माप घ्यावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. खांब एका जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं टेंपोतून नेले, तेही स्वस्तात.

त्या रात्री पुण्यात भावाला मेसेज केला, चौकाचा एखादा फोटो आहे का बघ. दोन दिवसांनी आला. १९७८ ची मुंज. भटजींच्या डोक्यामागे अर्धा खांब स्पष्ट दिसतो. महिरप दिसत नाही. तिच्यापुढे बटूचे मामा उभे आहेत, फेटा बांधून.