टॉवर नसलेल्या धावपट्ट्या: कॅटालिना ते डेथ व्हॅली

कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या कंट्रोल टॉवरने निरोप दिल्यावर समोर फक्त समुद्र. पंचवीसेक मैलांवर कॅटालिना बेट, आणि त्याच्या डोंगरमाथ्यावर, 1,602 फुटांवर, विमानतळ. इथे टॉवरसारखी इमारत आहे, रेडिओवर माणूसही उत्तर देतो, पण तो कंट्रोलर नाही. 122.7 या रेडिओ फ्रिक्वेन्सीवर तो वारा सांगतो, कुणी आसपास असेल तर कळवतो आणि तिथेच थांबतो. ‘उतरा’ असं तो म्हणणार नाही, त्याला तो अधिकारच नाही. आपल्याकडून ट्रेनिंगला येणाऱ्या मुलांना ही गोष्ट पहिल्या आठवड्यात पचत नाही. परवानगीची वाट बघत ती फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडे सरळ उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, गप्प राहतात, आणि नेमकं तेव्हाच बोलायचं असतं.

कॅटालिनाची धावपट्टी जेमतेम 3,000 फूट, त्यात मधे उंचवटा. एका टोकाला उभ्या विमानाला दुसऱ्या टोकाचं विमान दिसत नाही. त्यामुळे ‘धावपट्टीवर येतोय’ हे बोलणं इथे शिष्टाचारापुरतं नाही. उतरल्यावर पट्टी पटकन मोकळी करावी आणि आत जाऊन लँडिंग फी भरावी.

अमेरिकेत लोकांसाठी खुले असे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत, त्यातले टॉवर असलेले पाचशेच्या थोडे वर. बाकी ठिकाणी जमिनीवर कुणी असलंच पाहिजे असा केंद्रीय नियम नाही. अग्निशमन गाडी, प्रशिक्षित कर्मचारी, रोजची तपासणी हे सगळं केंद्रीय विमान नियमांच्या पार्ट 139 खाली येतं, आणि तो भाग नऊपेक्षा जास्त आसनांची नियमित सेवा किंवा 31 आसनांपासून पुढची मोठी विमानं येत असतील तरच लागू होतो. जर्मनीत उलट परंपरा: ‘फ्लुगलायटर’ (मैदानावरचा उड्डाण-प्रमुख) खुर्चीत नसेल तर विमानांचं छोटं मैदान बंद, हे तिथे वर्षानुवर्षं चाललं. अमेरिकन पद्धत मला जास्त पटते, पण तिची किंमत वैमानिकाने डोळे आणि कान उघडे ठेवून मोजायची असते.

ती मोजायची कशी? दहा मैलांवर पहिली हाक. आधी मैदानाचं नाव, मग विमान, जागा, उंची, इरादा, आणि शेवटी पुन्हा मैदानाचं नाव. दोनदा यासाठी की 122.8 या फ्रिक्वेन्सीवर चार-पाच मैदानं एकाच वेळी ऐकू येतात आणि पहिला शब्द हमखास कापला जातो. ‘आसपास कुणी असल्यास कळवा’ ही हाक टाळायची, एफएएने (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने) तसं स्पष्ट लिहिलंय, कारण सगळे एकदम उत्तर देतात आणि कुणाचंच कळत नाही. सर्किट, म्हणजे उतरण्यापूर्वी धावपट्टीभोवती घ्यायचा आयताकृती फेरा, जमिनीपासून 1,000 फुटांवर, वळणं डावीकडे. उजवीकडची असतील तर विंडसॉकभोवतीच्या (वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीभोवतीच्या) तुटक वर्तुळातल्या खुणा सांगतात. डाऊनविंडला, म्हणजे सर्किटच्या धावपट्टीला समांतर बाजूला, 45 अंशांत शिरावं. आणि ध्यानात ठेवावं की अशा बहुतेक मैदानांवर रेडिओ सक्तीचा नाही. समोरून येणारं जुनं विमान मुकं असू शकतं.

रेडिओ असूनही काय होतं ते वॉटसनव्हिलला दिसलं. 18 ऑगस्ट 2022 रोजी सर्किटमधलं सेसना 152 आणि सरळ फायनलवर वेगात आलेलं दोन इंजिनांचं सेसना 340 एकमेकांवर आदळली, तिघे गेले. दोघेही फ्रिक्वेन्सीवर बोलत होते. तुमचा वेग सर्किटमधल्या विमानाच्या दुप्पट असेल तर ‘तीन मैलांवर’ या शब्दांचा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात चुकीचा उमटतो. एफएएचं 2023 चं सुधारित सल्लापत्रक सरळ येणाऱ्यांनी सर्किटला अडथळा आणू नये असंच बजावतं. मी तर घाई नसताना सरळ उतरूच नये म्हणेन.

पुढे मोहावे वाळवंटाच्या कडेला इंधन. पंपावर माणूस नाही. आधी अर्थिंगचा (स्थिर वीज जमिनीत सोडणारा) चिमटा एक्झॉस्टला किंवा दोर बांधायच्या कडीला, रंग नसलेल्या धातूवर, मगच कार्ड. यंत्र विमानाचा नोंदणी क्रमांक विचारतं, काही ठिकाणी अमेरिकन पिनकोडही, आणि तिथे भारतीय कार्ड अडतं. दुसरं कार्ड ठेवा. 100एलएल, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल, निळं असतं. भरून झालं की टाकीखालून नमुना काढून रंग, पाणी, कचरा बघायचा. नळी गुंडाळून हँडल खाली केल्याशिवाय व्यवहार संपत नाही, पावतीही येत नाही. पंप बंद असल्याची सूचना नोटॅममध्ये (वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचनांमध्ये) असेलच असं नाही. निघण्यापूर्वी व्यवस्थापकाला फोन केलेला बरा.

डेथ व्हॅलीतलं फर्नेस क्रीक समुद्रसपाटीच्या 210 फूट खाली. त्यामुळे सर्किटमध्ये अल्टिमीटरवर (उंचीमापकावर) जेमतेम 800 फूट दिसतात, आणि चाकं टेकतात तेव्हा काटा शून्याच्याही खाली. इतक्या खाली हवा दाट असेल असं वाटतं. पण 45 अंश सेल्सिअसला विमानाला ती सुमारे 3,300 फुटांवरच्या हवेसारखी लागते. पट्टी तीन हजार फुटांच्या थोडी वर. पहाटे निघा. इथे इंधन मिळेल असं धरून जाऊ नका. मैदानावर कुणी नसतं, त्यामुळे आधी कळवलेला फ्लाइट प्लॅन (उड्डाणाचा आराखडा) आपोआप बंद होत नाही. सांगितलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासाने शोध सुरू होतो. मोबाइलच्या रेंजचा भरवसा नसेल तर मैदान दिसल्यावर हवेतूनच बंद करावा.

परतीला अंधार पडला तर धावपट्टीचे दिवे विमानातल्या रेडिओच्या माइकच्या बटणाने लागतात: पाच सेकंदांत तीन वेळा दाबलं तर मंद, पाच वेळा मध्यम, सात वेळा प्रखर. ते 15 मिनिटं टिकतात, म्हणून फायनलवर येण्याआधी पुन्हा सात वेळा दाबावं, नाहीतर ऐन टेकताना पट्टी काळी होते. काही ठिकाणी दिव्यांची फ्रिक्वेन्सी वेगळी असते, चार्ट सप्लिमेंट (विमानतळांच्या माहितीची पुस्तिका) आधीच बघावं. कुंपणाचं फाटक बाहेर पडल्यावर मागे आपोआप लागतं. परत यायचा कोड बऱ्याचदा आतल्या बाजूलाच लिहिलेला असतो, बाहेर पडण्यापूर्वी त्याचा फोटो घ्या. विमान बांधायचे दोर आपलेच न्या आणि टॉर्च खिशात ठेवा. दुसऱ्या पंखाची गाठ मारेपर्यंत 15 मिनिटं होतात आणि दिवे विझतात.