दोन पासपोर्ट आणि जन्मगावाचा रकाना

मुंबई विमानतळावरच्या काउंटरवरील मुलीने माझा कॅनडाचा पासपोर्ट यंत्रातून सरकवला, पडद्याकडे पाहिले, पुन्हा एकदा सरकवला आणि अतिशय नम्रपणे म्हणाली, "मॅडम, आपला ईटीए दिसत नाही." मी जरा ऐटीतच सांगितले की मला ईटीए, म्हणजे ब्रिटनमध्ये येण्याची आगाऊ परवानगी, लागत नाही, कारण मी ब्रिटिश नागरिक आहे. त्यावर तिने साहजिकच ब्रिटिश पासपोर्ट मागितला, आणि तो लेस्टरच्या घरी, कपाटाच्या दुसऱ्या खणात, विजेच्या बिलांखाली सुखरूप होता.

हा निष्काळजीपणा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. माझे ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारत सरकार देते ते ओळखपत्र, कॅनडाच्या पासपोर्टावर काढलेले आहे, त्यामुळे भारतात यायचे तर तोच पासपोर्ट लागतो. ब्रिटनमधून बाहेर पडताना तिथले सरकार पासपोर्टावर शिक्का मारत नाही. काय तपासायचे ते विमान कंपनीच तपासते, आणि तिला फक्त भारतात प्रवेश मिळेल की नाही एवढ्याशीच कर्तव्य असते. परतताना कॅनडाचा पासपोर्ट दाखवून लंडनच्या स्वयंचलित फाटकातून मी यापूर्वी दोनदा गेले होते, कारण २०१९ पासून कॅनडाच्या लोकांनाही ती फाटके खुली आहेत. दोन्ही पासपोर्ट बरोबर बाळगायचे म्हणजे हरवायला दोन वस्तू, असा माझा हिशेब होता, आणि वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी मी निघाले त्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो बरोबरही होता. २५ फेब्रुवारी २०२६ ला तो चुकला. त्या दिवसापासून ब्रिटनने असे ठरवले की ज्यांना व्हिसा लागत नाही अशा परदेशी लोकांकडे ईटीए नसेल तर त्यांना विमानातच चढू द्यायचे नाही, आणि ज्यांच्याकडे ब्रिटिश नागरिकत्वही आहे त्यांनी ब्रिटिश पासपोर्टच दाखवायचा, किंवा वास्तव्याच्या हक्काचे प्रमाणपत्र दाखवायचे, ज्याची फी तेव्हा ५८९ पौंड होती.

बरे, मग तेव्हाचे १६ पौंड भरून तिथल्या तिथे मोबाइलवर ईटीए काढावा, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले. परंतु ब्रिटिश नागरिकाला ईटीए मिळत नाही, कारण त्याला देशात येण्याचा जन्मसिद्ध नसला तरी कायदेशीर हक्क असतो, आणि ज्याला हक्क आहे त्याला परवानगी कशी द्यायची? म्हणजे मी निव्वळ कॅनडाची असते तर १६ पौंडांत विमानात बसले असते, आणि निव्वळ ब्रिटिश असते तर पासपोर्ट विसरलेच नसते. दोन देशांची असल्यामुळे मी काउंटरपाशी उभी होते, मागे रांगेत कोणाचे तरी मूल रडत होते, आणि माझ्या बॅगेतला पाच किलो बासमती व तीन खोकी कुंदा वजनकाट्यावर तसाच पडून होता.

मी त्या मुलीशी वाद घातला, हे कबूल करते. पतीने पाठवलेला पासपोर्टाच्या पानाचा फोटो दाखवला, तिच्या वरिष्ठांना बोलावून घेतले, इंग्रजीचा सूरही आपोआप थोडा तिकडचा झाला, ज्याची आता लाज वाटते. कागदपत्रे नसलेला प्रवासी ब्रिटनमध्ये उतरवला तर विमान कंपनीला माणशी २,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. सरकारने आपली सीमा उचलून मुंबईच्या काउंटरवर आणून ठेवली आहे आणि तिच्यावर पहारा द्यायला एका पंचविशीतल्या मुलीला उभे केले आहे, एवढाच त्याचा अर्थ. तिने तरीही मला प्यायला पाणी दिले.

असे करणारा ब्रिटन एकटा नाही. कॅनडाने २०१६ च्या नोव्हेंबरपासून हाच नियम लावला आहे, अमेरिकेच्या कायद्यात तर तो पूर्वीपासूनच आहे. प्रत्येक देशाचे म्हणणे एकच, की आमच्या दारात आमचाच माणूस म्हणून या, दुसऱ्या घरचे नाते बाहेर ठेवा. १९३० च्या हेग करारातही हेच तत्त्व आहे: दोन देशांचे नागरिकत्व असलेला माणूस त्यांपैकी एका देशात अडचणीत सापडला, तर त्याच्या बाजूने दुसऱ्या देशाला राजनैतिक मध्यस्थी करता येत नाही. म्हणजे ब्रिटनमध्ये मला काही झाले तर कॅनडाची वकिलात मध्ये पडणार नाही. लग्न झालेल्या मुलीला आमच्याकडे पूर्वी जे सांगत असत, त्याची मला आठवण झाली.

त्या रात्री मी ट्रॅव्हल्सने बेळगावला परत निघाले. पहाटे कागलच्या पुढे दूधगंगेचा पूल ओलांडला, कोगनोळीचा टोलनाका आला, रस्त्यावरच्या पाट्यांची लिपी बदलली, आणि गाडीतले एकही माणूस जागे झाले नाही. महाराष्ट्र-कर्नाटकामधल्या ज्या रेषेवरून १९५६ पासून आमच्या घरांतली माणसे मोर्चे काढत आली, जिच्यावर १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा चालू आहे, त्या रेषेवर कोणी काही विचारत नाही. करोनाच्या काळात तेवढे याच नाक्यावर तपासणीचे कागद मागत होते, आणि तणाव वाढला की दोन्हीकडच्या एसटी बंद पडतात, एवढेच. काउंटरवरच्या प्रसंगानंतर मला त्या झोपलेल्या गाडीचा हेवा वाटला, आणि लगेच वाटले की हे वाक्य बेळगावात कोणासमोर बोलून चालणार नाही.

बेळगावच्या शहापुरात, घरी पोहोचल्यावर धाकट्या भावाने फक्त "आलीस होय अक्का?" एवढेच म्हटले आणि चहा ठेवला. संध्याकाळी वडिलांचे मित्र आले. वडील आणि ते दर १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनी, निषेध म्हणून दंडावर काळी फीत बांधून सायकल फेरीला एकत्र जात असत. सगळी हकिगत शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, "तू दोन देशांची झालीस गे, खरं आम्हाला एक राज्य मिळेना." आमच्याकडे 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतात, हे पुण्याच्या वाचकांनी लक्षात घ्यावे, त्या वाक्यात माझ्यावर कुठलाही आरोप नव्हता. तरीही मला तो आरोपच वाटला.

म्हणून थोडे स्वतःच्या बाजूने. भारताच्या राज्यघटनेचे नववे कलम आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा यांनी दोन नागरिकत्वांचा प्रश्न निकालात काढलेला आहे: स्वेच्छेने दुसरे घेतले की आपले आपोआप जाते. २०१० मध्ये टोरांटोत मी शपथ घेतली, त्यानंतर भारतीय पासपोर्ट वकिलातीत जमा केला आणि तो रद्द केल्याच्या शिक्क्यासह परत मिळाला. कुंद्याच्या एका रिकाम्या खोक्यात तो अजून जपून ठेवला आहे. वडिलांनी त्याबद्दल मला कधी एका शब्दाने विचारले नाही, हेच मला जास्त लागले. मी ते देशाला कंटाळून केले नव्हते. कामासाठी वर्षाला सहा-सात देशांत जावे लागे, प्रत्येक वेळी व्हिसाची रांग, बँकेचे उतारे, बोटांचे ठसे, आणि माझ्या शेजारच्या टेबलावरच्या कॅनेडियन सहकाऱ्याला यातले काहीही लागत नसे. २०२१ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व घेतले तेव्हा तर मनाला काहीच जड गेले नाही, कारण तोडायचे ते आधीच तुटलेले होते. ज्या दोन देशांनी मला नागरिक म्हटले त्यांपैकी एकातही मी जन्मलेली नाही, आणि जिथे जन्मले तिथे मी मतदान करू शकत नाही. येळ्ळूरच्या वडिलोपार्जित शेताला लागून असलेला तुकडा विकायला निघाला तेव्हा तो भावाच्या नावावर घ्यावा लागला, कारण ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आली तर चालते. याची तक्रार मी करत नाही, नियम माहीत असूनच सही केली होती, फक्त "तुमचे काय बाबा, दोन-दोन पासपोर्ट" असे कोणी म्हटले की हे सगळे एका दमात सांगावेसे वाटते.

पासपोर्ट कुरिअरने मागवायला पती तयार नव्हते. शेवटी खानापूर तालुक्यातला एक मुलगा, जो लेस्टरमध्ये एका गोदामात रात्रपाळी करतो आणि बहिणीच्या लग्नाला गावी येणार होता, त्याने तो आणला. मी त्याला कधी पाहिलेही नव्हते. तो मुंबईला उतरला, रात्रीचा प्रवास करून बेळगावात आला आणि घरी जायच्या आधी शहापूरच्या आमच्या गल्लीत येऊन लिफाफा माझ्या हातात दिला. लिफाफा त्याने शर्टच्या आतल्या खिशात, स्वतःच्या पासपोर्टाला लावून ठेवला होता. त्याचा पासपोर्ट निळा, कडा झिजलेला, व्हिसाच्या चिकटवलेल्या कागदांनी फुगलेला. माझाही निळाच, पण कोरा करकरीत. त्याला वाटेत कोणी अडवून दुसऱ्याचा पासपोर्ट कशाला बाळगतोस असे विचारले असते तर त्याने काय सांगितले असते, हा विचार मला लिफाफा उघडल्यावर सुचला. पोहे खाताना तो म्हणाला की त्याच्या व्हिसाची मुदत पुढच्या वर्षी संपते.

आणि इथेच घरातले खरे भांडण सुरू झाले. भावाने दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी उघडले. कॅनडाच्या पासपोर्टावर जन्मस्थान जुन्या इंग्रजी वर्णांत आहे, जे वाचताना 'बेलगाम' असे होते आणि लगाम सुटलेल्या घोड्याची आठवण करून देते. ब्रिटिश पासपोर्टावर मात्र 'बेळगावी' आहे. २०१४ च्या १ नोव्हेंबरला शहराचे सरकारी नाव बदलून हे कन्नड वळणाचे झाले, आणि २०२१ चा अर्ज भरताना मी नकाशावरचे चालू नाव लिहून मोकळी झाले. त्या एका शब्दामागे काय आहे हे मला माहीत नव्हते असे नाही. माझे बालपण त्यातच गेले. पण लेस्टरच्या स्वयंपाकघरात रात्री अकरा वाजता अर्ज भरताना मला हवी होती ती कागदोपत्री सोय, आणि उद्या कुठल्याशा अधिकाऱ्याने "हे गाव नकाशात कुठे आहे?" असे विचारू नये एवढीच काळजी होती. भाऊ म्हणाला, "बाबांनी हे बघितलं असतं तर?" मी म्हटले की बाबांनी मला परदेशी पासपोर्ट घेतल्याबद्दल काही म्हटले नाही, तर एका स्पेलिंगबद्दल काय म्हणणार? तो म्हणाला, "त्याबद्दल नसते म्हणाले. ह्याबद्दल म्हणाले असते." मला वाटते तो बरोबर होता, पण तेव्हा मी ते मान्य केले नाही.

परत मुंबईला काउंटरवर योगायोगाने तीच मुलगी होती. विमान कंपनीला ब्रिटिश पासपोर्ट, नंतर इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला ज्यावर आले तो कॅनडाचा पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड, आणि हीथ्रोला पुन्हा ब्रिटिश, असा क्रम मी कागदावर लिहून घेतला होता. तिने दोन्ही पुस्तिका पाहिल्या, जन्मस्थानांवर बोट ठेवून दोन्ही गावे एकच का, असे विचारले. मी हो म्हटले. तिने बोर्डिंग पास दिला.

माझ्या ब्रिटिश पासपोर्टाची मुदत २०३१ मध्ये संपते. त्या वेळच्या अर्जात तो रकाना कसा भरायचा, हे भावाने आताच व्हॉट्सअॅपवर मोठ्या अक्षरांत लिहून पाठवले आहे.