तुम्ही विचारलंत म्हणून: रातांब्याला फळं का धरत नाहीत?

मे महिना आला की हा प्रश्न मला हमखास येतो. बी पेरून लावलेलं रातांब्याचं (म्हणजे कोकमाचं हो, मालवणात नि गोव्यात भिरंड म्हणतात तेच) झाड छान वाढलंय, दर वर्षी फुलतंय, पण फळ एकही नाही, तर आता कुठलं खत घालू?

खत राहू दे. आधी झाड नर आहे की मादी ते बघा. रातांब्यात नर झाड वेगळं, मादी वेगळं असतं आणि बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात, रोप लहान असताना ते कोणालाच ओळखता येत नाही, सात-आठ वर्षं सांभाळून फुलं आली की मगच कळतं. ओळखायचं असं, नोव्हेंबरनंतर झाड फुललं की एक फूल तोडून हातात घ्या, मधे नुसता पुंकेसरांचा गठ्ठा दिसला आणि फुलं झुबक्याझुबक्यांनी आलेली असली तर नर. मादीच्या फुलात मधोमध छोटा हिरवा गोळा दिसतो, तेच पुढे फळ होतं. काही झाडांवर दोन्ही प्रकारची फुलंही सापडतात, म्हणून एका फुलावर निकाल लावू नका, चार फांद्या बघा.

आणि नर निघाला म्हणून लगेच कुऱ्हाड लावू नका प्लीज! परागीभवनाला तो लागतोच, दहा झाडांत एक तरी नर असावा.

नवीन लावणार असाल तर कलमच घ्या. कलम मादी झाडाचं असतं त्यामुळे खात्री असते आणि चार-पाच वर्षांत फळं सुरू होतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता आणि कोकण हातीस या दोन जाती आहेत, हातीसचं फळ मोठं. नर्सरीत एक गोष्ट मात्र नीट बघा, कलमाची काडी सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची आहे ना? आडव्या फांदीची काडी वापरलेली असली तर झाड वर न जाता आडवंच पसरत राहतं. दोन झाडांत वीस फूट अंतर ठेवा, पहिली एक-दोन वर्षं उन्हाळ्यात सावली आणि पाणी द्या. नंतर हे झाड फार काही मागत नाही, फवारणीसुद्धा सहसा लागत नाही, आंब्यासाठी आपण जेवढं करतो त्याच्या पावही नाही, तरी कोकणात अजून ते कुंपणाच्या कडेलाच असतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

कारण यातलं वाया काय जातं सांगा! साल गराच्या रसात बुडवून उन्हात वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची, असं चारपाचदा केलं की काळंभोर, मऊ आमसूल तयार होतं. मीठ घालून रस काढला की आगळ, सोलकढीला तेच. सालीच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की सरबताचा अर्क सुटतो. बियांचं तेल निघतं, ते थंड झालं की घट्ट गोळा होतो, भेगा पडलेल्या टाचांना आमच्याकडे दुसरं काही लावत नाहीत. अंगावर पित्त उठलं की आमसूल पाण्यात कोळून लावायचं हेही घरोघरी ठाऊक.

एकच अडचण, पाऊस. फळं एप्रिल-मेत पिकतात, उशिरा पिकलेली पहिल्या सरींत सापडली की झाडाखाली कुजतात आणि सालीही वाळत नाहीत. म्हणून कलम घेताना लवकर पिकणाऱ्या झाडाचं मागा, दोन आठवडे आधी फळ हातात आलं तरी सगळं आमसूल उन्हात निघतं.

यंदा तुमचं झाड फुललं की फुलाचा जवळून फोटो काढून पाठवा, नर की मादी ते मी बघून सांगेन.