फळं नव्हे, रस बंद करा

आज पुन्हा तोच प्रश्न: वजन उतरवायचंय, फळं बंद करू का? अजिबात नको! रस बंद करा. 100 ग्रॅम पेरूत साधारण 68 कॅलरी आणि 5 ग्रॅम तंतू असतात. चावायला वेळ लागतो, पोट भरतं. ग्लासभर रसाला तीनेक संत्री लागतात, चोथा गाळणीत राहतो, भूक तशीच. 2009 साली पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगात जेवणाआधी सफरचंदाच्या फोडी खाल्लेल्यांनी एकूण सुमारे 15 टक्के कॅलरी कमी घेतल्या. तितक्याच कॅलरींच्या रसाने तेवढं झालं नाही. म्हणून फळ जेवणाच्या पाव तास आधी. पेरू सालीसकट, बियांसकट. बिघडतं ते भरपेट जेवणावर वाटीभर आमरस घेतल्याने. आंबा हवाच तर फोडी खा, साखर नको, आणि त्या जेवणातली एक पोळी कमी करा.