मंगळवार पेठेतला होम थिएटर पीसी आणि ऑपरेटर आबा

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं पीसी असेंब्लीचं दुकान आहे. घरात पिक्चर बघायला पीसी पाहिजे म्हणून कोण आलं की मी पहिल्यांदा त्याला घालवायलाच बघतो. खरंच. नुसतं नेटफ्लिक्स, युट्यूब आणि मॅच बघायची असेल तर टीव्हीला मागनं स्ट्रीमिंगची स्टिक लावा, रिमोट चालतो, 4के मिळतं, घरातल्या म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना जमतं, विषय संपला. पीसीवर तेच 4के मिळवायला काय काय लागतं ते ऐकूनच निम्मी माणसं परत जातात.

पण हे दादा परत जाईनात. शिरोलीला फाउंड्री आहे त्यांची, मंगळवार पेठेत जुनं घर, एकत्र कुटुंब, हॉलमध्ये 55 इंची टीव्ही नवीन आणलेला. म्हणाले, "भावा, स्टिक आहे की घरात. पण आमच्याकडं लग्नाच्या डीव्हीडी आहेत, पोरांच्या गॅदरिंगचे व्हिडिओ आहेत, आबांनी विकत घेतलेल्या जुन्या मराठी सिनेमांच्या सीडी आहेत पोतंभर. सगळं एका ठिकाणी पाहिजे, आणि वर नेटफ्लिक्स पण पाहिजे." आता हे कारण बरोबर होतं. स्वतःचा माल असेल तर पीसीसारखं दुसरं काय नाही.

मग त्यांनी खिशातनं यादी काढली. पुतण्या पुण्यात आयटीत आहे, त्यानं केलेली. आय7, 32 जीबी रॅम, मोठं ग्राफिक कार्ड, 850 वॅटचा पॉवर सप्लाय, काचेचा कॅबिनेट त्यात सहा रंगीत पंखे. मी म्हटलं दादा हे तर गेम खेळायचं मशीन आहे, तुमच्या हॉलमध्ये अंधार करून सिनेमा लावल्यावर टीव्हीखाली ही गणपतीची लायटिंग चालणाराय का? आणि पंख्यांचा आवाज? सिनेमात हळू बोलायला लागले की पहिल्यांदा पंखाच ऐकू येतो. वर टीव्ही युनिटचा कप्पा किती उंच आहे विचारलं तर वहिनींनी तिथंच घरी फोन लावून पोराकडनं मोजून घेतला, आठ इंच. काचेचा टॉवर दीड फुटाचा. तो काय बसत नव्हता.

तर यादी पाडली. प्रोसेसर आय3-12100, नावापुढं एफ नसलेला. हे एफचं लोकांना सांगून सांगून माझं तोंड दुखतं, एफवाला थोडा स्वस्त मिळतो म्हणून ऑनलाइन घेऊन येतात आणि मग स्क्रीन का येत नाही विचारतात, अहो त्यात ग्राफिक्सच नाही, येणार कुठनं. साध्या 12100 मध्ये आतलंच ग्राफिक्स आहे आणि व्हिडिओ उलगडायचं काम ते अंगावर घेतं, एचईव्हीसी पण आणि एव्ही1 पण, हे व्हिडिओ दाबून लहान करायचे दोन प्रकार. एव्ही1 इंटेलच्या 11व्या पिढीपासनं आलं, म्हणून कोणी घरातला जुना आठव्या-नवव्या पिढीचा पीसी टीव्हीला जोडतो म्हटलं की मी आधी पिढी विचारतो. प्रोसेसर कितीही दांडगा असू दे, व्हिडिओ जर सॉफ्टवेअरनं उलगडायला लागला तर पंखा विमानागत सुटतो. 8-8 जीबीच्या दोन रॅम, 500 जीबीची एनव्हीएमई डिस्क, आडवा स्लिम कॅबिनेट, बुटका कूलर, आणि डीव्हीडी ड्राइव्ह बाहेरनं यूएसबीवर. ग्राफिक कार्ड काट. दादा म्हणाले, "एवढ्यात होतंय?" मी म्हटलं होतंय की.

मदरबोर्ड तेवढा पुतण्यानं आधीच पाठवलेला होता, ऑफरमध्ये घेतला म्हणे, एच610. हा बोर्ड वाईट नाही, पण ह्यात एक गोम आहे. बॉक्सवर एचडीएमआय लिहिलेलं असतं, कुठलं एचडीएमआय ते बारीक अक्षरात आत. मी दुकानातल्या 4के मॉनिटरला जोडून दाखवलं, सेटिंगमध्ये 3840 बाय 2160 निवडलं की रिफ्रेश रेटला, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र नवं होतं त्याला, 30 च्या वर काय दिसेचना. एचडीएमआय 1.4 ची धाव तेवढीच. माउस हलवला की बाण तुटत तुटत जायचा, वहिनी बघून म्हणाल्या, "ह्याला काय झालंय, आजारी आहे व्हय?" आणि नुसतं तेवढंच नाही, नेटफ्लिक्सचं 4के पाहिजे तर पोर्टला एचडीसीपी 2.2 हे कॉपी थांबवायचं कुलूप लागतं, विंडोज लागतं, ब्राउझर एज लागतो नाहीतर त्यांचं अ‍ॅप, एचईव्हीसीचं एक्स्टेंशन लागतं, प्लॅन प्रीमियम लागतो, आणि मधे साउंडबार असेल तर त्याला पण 2.2 पाहिजे. एक जरी नसलं तरी तो गुपचूप खालच्या क्वालिटीला उतरतो, सांगत पण नाही. पुतण्याची आयडिया होती विंडोजचे पैसे वाचवून लिनक्स टाकायची. टाक की बाबा, पण मग 4के विसर. बोर्ड बदलला, स्पेसिफिकेशनमध्ये 4096 बाय 2160 च्या पुढं 60 लिहिलंय ते बघूनच घेतला.

बसवायला गेलो ते सुट्टीच्या दिवशी, घरात सगळे. जुनं घर म्हणजे भिंती हातभर जाड, राउटर माडीवर, त्यामुळं खाली हॉलमध्ये वायफायचा पाच गिगाहर्ट्झ येतच नव्हता. तिथं वायफायशी भांडत बसण्यात अर्थ नसतो, जिन्याच्या कडेनं केबल ओढली आणि मोकळा झालो. कीबोर्डचा डोंगल मागं निळ्या यूएसबीत हार्डडिस्कच्या शेजारी लावला तर बाण अडकायला लागला, हे नेहमीचं आहे, यूएसबी 3 चालू असताना 2.4 गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट करतं, वीतभर एक्स्टेंशन केबल लावून डोंगल पुढं आणला, झालं.

मग पिक्चर लावला. टीव्ही कंपनीकडनं आल्यावर त्यात ते मोशन स्मूथ करायचं चालू असतंच, मधल्या मधल्या फ्रेम टीव्ही स्वतःच्या मनानं बनवून घालतो. मी काय म्हणायच्या आत कोपऱ्यातनं आवाज आला, "हे सिनेमा न्हाई, सिरियल दिसालीय."

आबा. दादांचे वडील. ऐंशीच्या पुढचे, आरामखुर्चीत, गळ्यात मफलर. मला तोवर माहीत नव्हतं, आबा गावातल्या एका थेटरात प्रोजेक्टर ऑपरेटर होते, सगळी नोकरी तिथंच, कार्बनच्या कांड्या जाळून उजेड करायचे तेव्हापासनं. मी ती स्मूथची भानगड बंद केली. दादा म्हणाले आधीचंच बरं होतं. पोरं म्हणाली काय फरक नाही. आबा गप्प बसून बघत होते. पडद्यावर कॅमेरा डावीकडनं उजवीकडं सरकत एक वाडा दाखवत होता.

"आता अडखळालंय," आबा म्हणाले.

दादा म्हणाले, "आबा, नेट स्लो असंल."

"नेट न्हवं रं. ते बघ, खांब बघ. एक पाऊल लांब टाकतोय, एक आखूड. लंगडालंय ते."

मी खांबाकडं बघितलं आणि खरं सांगतो, मला हसू फुटलं, कारण म्हातारं अगदी शब्दाला शब्द बरोबर होतं. सिनेमा असतो सेकंदाला 24 फ्रेमचा. पीसी टीव्हीला पाठवतोय सेकंदाला 60. 24 नं 60 ला भाग जात नाही, मग काय करतात, एक फ्रेम दोनदा दाखवायची, पुढची तीनदा, परत दोनदा, परत तीनदा. म्हणजे एक फ्रेम 33 मिलिसेकंद थांबते, दुसरी 50. माणूस बोलत बसलेला असेल तर कळत नाही, पण कॅमेरा सावकाश सरकायला लागला की पाऊल लांब-आखूड पडतं. दुकानात येणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना हे दिसत नाही आणि दिसलं तरी नेटवर ढकलतात. पुतण्याच्या बोर्डावर 30 ला बघितलं असतं तर अजून मजा, तिथं दर चार फ्रेमला एक फ्रेम डबल, म्हणजे सेकंदाला सहा ठेचा.

मी आबांना विचारलं मशीनवर कसं होतं तुमच्या. आबा खुर्चीत पुढं सरकले. "चोवीस चित्रं सेकंदाला. एक चित्र गेटात थांबलं की शटर त्याच्यावरनं दोनदा उजेड मारतंय, म्हंजे अठ्ठेचाळीस. पण प्रत्येक चित्राला दोनच. याला दोन आन त्याला तीन, असलं काय नव्हतं आमच्यात."

आता तोडगा सोपा आहे, पीसीलाच सांगायचं 24 नं पाठव. पण त्याला टीव्ही पण तसा पाहिजे. पॅनेल 60 चं असेल तर बऱ्याच टीव्हीत तो दोन-तीनचा खेळ पीसीऐवजी टीव्ही करतो, म्हणजे लंगडणं तिथंच. ह्यांचा टीव्ही 120 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 120 वेळा चित्र दाखवणारा निघाला, दादांना माहीत पण नव्हतं, पाडव्याच्या ऑफरमध्ये आणलेला. 120 ला 24 नं पाचाचा पूर्ण भाग जातो, प्रत्येक फ्रेम पाच वेळा, सगळ्यांना सारखी. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये गेलो, तिथं 23.976 आणि 24.000 असे दोन दिसतात, स्ट्रीमिंगवरचे लई पिक्चर 23.976 चे असतात म्हणून ते घेतलं. दुसरं घेतलं असतं तरी आभाळ कोसळलं नसतं, साधारण 42 सेकंदाला एक फ्रेम डबल पडते, पण समोर आबा बसलेले होते, रिस्क कोण घेणार.

तोच वाडा परत लावला. खांब सरळ गेले.

आबा काय बोलले नाहीत, नुसती मान हलवली आणि वहिनींना म्हणाले ह्याला चहा दे. त्यात काय ते समजलो.

पण घरात आबा एकटे नाहीत. धाकट्याला मॅच पाहिजे, आणि आपल्याकडचं प्रसारण सगळं 50 च्या घराण्यातलं, ते 24 वर बघितलं तर बॉल दिसणारच नाही, शिवाय 24 वर माउस पण जडशीळ चालतो. दरवेळी सेटिंगमध्ये जाऊन बदलायला कोण बसणार? वहिनी म्हणाल्या, "मी काय ते आकडे लक्षात ठेवत नसतो, मला बटण करून द्या." म्हटलं हे बरोबर आहे. एक छोटं टूल टाकलं आणि स्क्रीनवर दोन मोठे आयकॉन करून दिले, एकाचं नाव सिनेमा, दुसऱ्याचं म्याच. एक 23.976 ला नेतो, एक 50 ला. घरच्या फाइलींसाठी कोडी नावाचं प्लेअर टाकलं, त्यात फाइल बघून रिफ्रेश रेट आपोआप बदलायचं सेटिंग आहे, ते चालू केलं की तिथं बटण पण नको. ब्राउझर मात्र स्वतः बदलत नाही, ते हातानंच करावं लागतं.

मग आबांच्या पोत्यातली एक सीडी निघाली, जुना काळा-पांढरा मराठी सिनेमा. टीव्हीनं तो ओढून सगळी स्क्रीन भरलेली, हिरॉईनचं तोंड पुरणपोळीएवढं. पिक्चर साइज 4:3 वर आणला, दोन्ही बाजूला काळे पट्टे आले, धाकट्याला वाटलं टीव्ही बिघडला, आबा म्हणाले पडदा असाच असायचा. व्हीसीडीचं, म्हणजे असल्या सिनेमाच्या सीडीचं चित्र म्हणजे 352 बाय 288, 55 इंचावर ते चौकटी-चौकटीचं दिसणारच, त्याला माझ्याकडं काय, कोणाकडंच औषध नाही, लांब बसा एवढंच. आबा लांबच बसले होते.

मधेच उजव्या वरच्या कोपऱ्यात एक गोल ठिपका चमकून गेला, प्रिंटवरचाच. आबांचा हात खुर्चीच्या दांड्यावरनं उचलला गेला. "दुसरी मोटर सोड," म्हणाले. पोरं बघायलाच लागली. थोड्या वेळानं परत ठिपका आला आणि आबा म्हणाले "बदल", आणि सीन बदलला. पहिल्या ठिपक्यानंतर सात-आठ सेकंद मिळायचे, तेवढ्यात दुसरं मशीन फिरवून तयार ठेवायचं आणि दुसऱ्या ठिपक्याला पडदा त्याच्यावर द्यायचा, दोन हजार फुटाचं रीळ म्हणजे बावीस मिनिटं, बावीस मिनिटात चहा पिऊन यायचा. पुढचा सगळा वेळ धाकटा पिक्चर सोडून ठिपकेच शोधत बसला.

चहा पिताना आबा प्रभात ह्या जुन्या फिल्म कंपनीवर घसरले. कंपनी 1929 ला इथं कोल्हापुरात काढली आणि 1933 ला पुण्याला नेली, ह्याचा राग त्यांनी माझ्यावर काढला, मी आपला हो हो करत होतो. "आता पोरं बी तिकडंच गेली आन तिथनं याद्या पाठिवत्यात," म्हणाले.

रात्री पुतण्याचा मला फोन. काका, ग्राफिक कार्ड का नाही घातलं, फ्युचर प्रूफ नको का. मी त्याला म्हटलं तुझ्या घरात सध्या सगळ्यात भारी ग्राफिक्स आबांच्या डोळ्यात आहे, ते आधी पास कर. मग नीट सगळं सांगितलं, 24, 60, पॅनेल, पोर्ट. पोरगं हुशार आहे, पटलं त्याला, लगेच स्वतःच्या मॉनिटरवर 24 लावून बघतो म्हणाला, तर त्याचं पॅनेल 144 चं, त्याला 24 नं सहाचा पूर्ण भाग जातो, त्याचं त्यालाच कौतुक.

तो एच610 बोर्ड परत करायची मुदत संपलेली होती. मी ठेवून घेतला आणि बिलातनं तेवढे पैसे वळते केले. दुकानात बिलिंगच्या मशीनला लावलाय, मॉनिटर साधा फुल एचडी आहे, त्याच्यावर तो 60 ला गुमान चालतो.